माकडाचं उत्तर बरोबर आलं, पण त्याला नातं कळलं का?

रानवाट

पडद्यावर दोन चित्रं उमटतात. माकड एकावर बोट टेकवतं. निवड बरोबर असली तर नळीतून रसाचे थेंब, चुकली तर काही क्षण पडदा कोरा. प्राण्यांच्या तर्कबुद्धीविषयीचे कितीतरी मोठे दावे एवढ्याशा कृतीवर उभे आहेत. दाव्यांच्या आधी ती कृतीच नीट बघावी, म्हणून हा धागा काढतेय.

समजा, पाच चित्रं आहेत: क, ख, ग, घ, च. त्यांचा क्रम आपण ठरवलेला असतो, पण माकडाला ती रांग कधीच दाखवायची नाही. दाखवायच्या त्या फक्त शेजारच्या जोड्या. क-ख आले की क बरोबर, ख-ग आले की ख, ग-घ मध्ये ग, घ-च मध्ये घ. या चार जोड्या पक्क्या झाल्या की एके दिवशी ख आणि घ समोर ठेवायचे. ही जोडी त्याने आयुष्यात पाहिलेली नसते.

ख-घच का निवडायची? क ला बोट लावल्यावर दरवेळी रस मिळालाय आणि च ला लावल्यावर कधीच नाही. त्या दोघांपैकी एक जरी जोडीत असलं तरी विचार करायची गरज उरत नाही. ख आणि घ यांचं तसं नाही. दोघंही आपल्या एका जोडीत जिंकतात आणि दुसऱ्या जोडीत हरतात. तरीही माकड ख निवडत असेल, तर 'ख हा ग च्या वर, ग हा घ च्या वर, म्हणून ख हा घ च्या वर' असं काहीतरी त्याच्या डोक्यात घडलं असावं.

ही रचना आधी मुलांसाठी वापरली गेली. एवढ्या लहान वयात असं अनुमान जमत नाही, असं बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांचं म्हणणं होतं. ब्रायंट आणि ट्रॅबासो यांनी १९७१ मध्ये दाखवलं की सुटे तुकडे मुलांच्या पक्के लक्षात आहेत याची आधी खात्री करून घेतली, तर चार वर्षांच्या मुलांनाही ते जमतं. मग १९७७ मध्ये मॅकगोनिगल आणि चाल्मर्स यांनी जवळपास तीच परीक्षा स्क्विरल माकडांची घेतली आणि माकडंही उत्तीर्ण झाली. 'नेचर'मधल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच 'माकडं तर्कशुद्ध असतात का?' अशा अर्थाचं होतं.

खरी चुरस इथून पुढे. १९९१ मध्ये फॉन फेर्सन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांकडूनही हेच करून घेतलं, आणि त्याचं साधं स्पष्टीकरणही दिलं. ख नेहमी क च्या सोबत दिसतो आणि क म्हणजे हमखास रस. त्या सोबतीमुळे ख ची किंमतही थोडी वाढते. घ ची सोबत च शी, म्हणजे रस न देणाऱ्याशी. मग क्रम, रांग, अनुमान यातलं काहीही न लागता ख जिंकतो.

यावरचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर २०१९ चं आहे. येन्सन, टेरेस, फेरेरा आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांसाठी रसाचं माप मुद्दाम अशा प्रकारे ठरवलं की रसाच्या लोभाने निवड केली तर रांगेचा नियम मोडावा लागेल. म्हणजे किंमत एकीकडे ओढते आणि क्रम दुसरीकडे. नुसत्या बक्षिसाच्या हिशेबावर चालणारी संगणकीय प्रारूपं अशा मांडणीत कितीही सराव दिला तरी अडकतात. माकडं मात्र क्रमानुसार निवडायला शिकली.

आणखी एक खूण. रांगेत दोन चित्रं जितकी दूर, तितका निर्णय सोपा आणि चुका कमी. माकड पायरी-पायरीने अनुमान करत असतं, तर दूरच्या जोडीला जास्त पायऱ्या लागल्या असत्या, म्हणजे वेळ वाढायला हवा होता. घडतं उलट. माणसांतही हेच दिसतं. मला यावरून वाटतं की माकड वाक्यावाक्याने तर्क करत नसावं. ते चित्रांना मनातल्या एका रेषेवर जागा देत असावं आणि ख कुठे, घ कुठे, एवढंच बघत असावं. यालाही मी नातं कळणं म्हणते. तुमचं मत वाचायला आवडेल.

सांजवारा

फार छान लिहिलंय. ख-घ चं कारण पहिल्यांदाच नीट कळलं. चिन्हांबद्दलही लिहा ना. माकडांना आकडे शिकवल्याचं मागे वाचलं होतं. त्यांना आकडा 'कळतो' म्हणजे काय होतं?

वाचनमात्र

+१. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

रानवाट

सांजवारा, धन्यवाद. तुम्ही वाचलं ते बहुधा हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांचं काम असेल. त्यांच्या ऱ्हीसस माकडांनी २६ चिन्हं शिकली, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून. प्रत्येक चिन्हाची किंमत म्हणजे तितके थेंब, ० पासून २५ पर्यंत. दोन चिन्हं दाखवली की मोठं निवडायचं.

याच माकडांना चिन्हांऐवजी ठिपक्यांचे पुंजके दाखवले तर मोठ्या संख्यांच्या वेळी गोंधळ वाढतो. २ आणि ४ मधला फरक चटकन दिसतो, २० आणि २२ मधला नाही. चिन्हं वापरल्यावर मोठ्या संख्यांमधला फरकही त्यांना बराच नेमका कळायचा. म्हणजे मोजमाप डोळ्याच्या अंदाजावर सोडलं तर धूसर राहतं आणि चिन्हाला बांधलं की धारदार होतं. हा निबंध २०१० चा.

२०१४ मध्ये त्यांनी बेरीज घेतली. एका बाजूला एक चिन्ह, दुसऱ्या बाजूला दोन, आणि जिथे एकूण थेंब जास्त ती बाजू निवडायची. माकडांना ते जमलं. पण जोड्या पाठ केल्या असतील तर? म्हणून त्याच किमतींची पूर्णपणे नवी चिन्हं शिकवली आणि बेरजेचा प्रश्न नव्याने टाकला. तिथेही जमलं. चूक व्हायची ती एका विशिष्ट दिशेने: दोन चिन्हांपैकी जे लहान, त्याची किंमत ती कमी धरायची. पाठांतर असतं तर चुका इतक्या शिस्तीत आल्या नसत्या. माकड आतमध्ये काहीतरी गणित करतंय आणि ते गणित आपल्यापेक्षा जरा वेगळं आहे, असं मला त्यातून दिसतं.

ताळा

धागा उत्तम आहे. पण 'कळलं' म्हणायची मला इतक्यात घाई नाही. दोन मुद्दे मांडतो.

पहिला जुना आहे. क्योलर यांनी १९१८ मध्ये कोंबड्या आणि चिंपांझींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन करड्या छटांपैकी अमुक गडद छटा निवडायला शिकवायचं आणि मग ती छटा तिच्याहूनही गडद छटेसोबत ठेवायची. प्राणी शिकवलेली छटा सोडून नव्या गडद छटेकडे जायचा. निष्कर्ष असा की प्राणी 'जास्त गडद' हे नातं शिकतो. १९३७ मध्ये स्पेन्स यांनी यातली हवा काढली. बक्षीस मिळालेल्या छटेची ओढ आसपासच्या छटांकडे पसरते, न मिळालेल्या छटेचा दुरावाही पसरतो, आणि दोन्हींची वजाबाकी केली की नवी गडद छटा आपोआप सरस ठरते. नात्याचा विचार केल्यासारखं वागणं निघालं, आणि त्यासाठी नात्याचा विचार लागलाच नाही.

दुसरा मुद्दा चिन्हांचा. '७' दिसल्यावर सात थेंबांची अपेक्षा ठेवणं हा संबंध एकाच दिशेचा आहे. आपल्यासाठी चिन्ह दोन्ही दिशांनी चालतं. लहान मुलाला वस्तू दाखवून नाव सांगितलं की नाव उच्चारल्यावर ते वस्तूकडे बघतं, त्यासाठी वेगळा सराव लागत नाही. सिडमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नेमकं हेच तपासलं. चिन्ह १ दिसलं की चिन्ह २ निवडायचं, इतकंच शिकवायचं, आणि मग आधी न सांगता अचानक चिन्ह २ दाखवून चिन्ह १ निवडतात का ते बघायचं. मुलांना जमलं. ऱ्हीसस माकडांना नाही आणि बबूनांनाही नाही. शिकवलेल्या दिशेने उत्तम, उलट दिशेने कोरी पाटी.

२०२३ मध्ये यावर मेंदूची प्रतिमा घेऊनही काम झालं. आवाज आणि चित्र यांच्या जोड्या ठराविक क्रमाने ऐकवल्या-दाखवल्या, मग क्रम उलटा केला आणि अधूनमधून जोडी चुकवली. माणसांच्या मेंदूत दोन्ही दिशांच्या चुकीवर चमकल्याची खूण दिसली, मकाक माकडांच्या मेंदूत फक्त शिकवलेल्या दिशेच्या.

माझ्या दृष्टीने लिव्हिंगस्टन यांची माकडं चिन्ह वाचतात, पण चिन्ह वापरत नाहीत.

रानवाट

ताळा, सिडमन यांचा दाखला वजनदार आहे, पण त्यातली एक गोष्ट मला खटकते. त्या पद्धतीत नमुना मधल्या बटणावर यायचा आणि पर्याय बाजूच्या बटणांवर. माकडासाठी 'मधला लाल' आणि 'उजवीकडचा लाल' ही एकच गोष्ट असेलच असं नाही. आपण उलट दिशा तपासतोय असं आपल्याला वाटतं, माकडासाठी कदाचित चित्रच बदललेलं असतं. मग नापास झालं ते नातं कळत नाही म्हणून की जागा बदलली म्हणून?

आणि दिशा उलटवणं माणसाव्यतिरिक्त कुणालाच जमत नाही असंही नाही. १९९३ मध्ये शुस्टरमन आणि कॅस्टॅक यांनी रिओ नावाच्या सागरी सिंहिणीला बऱ्याच जोड्यांचा दोन्ही दिशांनी सराव दिला. नंतर एकाच दिशेने शिकवलेल्या नव्या जोड्या तिने आपण होऊन उलटवल्या. यशाच्या पळवाटा आपण जितक्या कसोशीने शोधतो, तितक्याच अपयशाच्याही शोधायला हव्यात.

पाटीपेन्सिल

मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवते, म्हणून या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने बघते. मुलांना मी सांगू शकते की 'आता उंचीने लावा', 'आता सारखं शोधा'. कसली परीक्षा आहे हे त्यांना कळलेलं असतं. माकडाला आधी खेळ कोणता हेच हुडकावं लागतं. हजारो वेळा चुकून मग जमलं, तर तो वेळ नातं कळायला लागला की प्रश्न कळायला? हे वेगळं करता येतं का?

रानवाट

पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नाला काही अंशी उत्तर आहे, आणि ते १९४९ चं आहे. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी ८ माकडांना एकामागून एक ३४४ कोडी दिली. प्रत्येक कोड्यात दोन नव्या वस्तू, त्यातल्या एकीखाली खाऊ. पहिला प्रयत्न हा निव्वळ अंदाज, तो कुणालाच टाळता येत नाही. पण त्या एका प्रयत्नात सगळी माहिती मिळालेली असते: खाऊ निघाला तर तीच वस्तू उचल, नाही निघाला तर दुसरी.

सुरुवातीची कोडी माकडांनी चाचपडत सोडवली. शेवटच्या कोड्यांत दुसऱ्याच प्रयत्नाला जवळपास ९७ टक्के उत्तरं बरोबर. वस्तू दरवेळी नव्या, तेव्हा वस्तूंबद्दलचं आधीचं काही उपयोगी पडणार नव्हतं. ती शिकली ते प्रश्नाचं स्वरूप. म्हणून मला वाटतं, कधीच कोडं न सोडवलेल्या माकडाचं अपयश आणि शेकडो कोडी सोडवलेल्या माकडाचं अपयश एका मापाने मोजू नये.

निळी शाई

रानवाटताई, मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलं होतं की नात्यांमधलं नातं फक्त माणूस आणि चिंपांझी ओळखतात, माकडं नाही. ते अजून खरं आहे का?

रानवाट

तसं बरेच दिवस मानलं जायचं. ती परीक्षा अशी. नमुन्यात दोन सारखी चित्रं, समजा दोन तारे. खाली दोन पर्याय: एकात दोन त्रिकोण, दुसऱ्यात एक चौकोन आणि एक वर्तुळ. तारा कुठेच नाही, त्यामुळे चित्राला चित्र जुळवून भागत नाही. 'सारखं-सारखं' ला 'सारखं-सारखं' जुळवायचं. प्रिमॅक यांच्या सारा या चिंपांझीला हे जमायचं, पण तिला चिन्हभाषेचं भरपूर प्रशिक्षण होतं. थॉम्पसन, ओडन आणि बॉयसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की भाषा न शिकवलेल्या चिंपांझीलाही जमतं, मात्र 'सारखं' आणि 'वेगळं' यांसाठी प्लास्टिकचे तुकडे वापरायची आधी सवय झालेली असली तर.

माकडांबाबत पहिला तडा बबूनांनी दिला. फॅगो, वॉसरमन आणि यंग यांनी २००१ मध्ये दोन चित्रांऐवजी १६ चित्रांची चौकट वापरली, एकतर सगळी सारखी नाहीतर सगळी वेगळी. बबूनांना जमलं. पण चित्रांची संख्या कमी करत नेली तशी त्यांची कामगिरी ढासळली, म्हणजे ते नात्यापेक्षा चौकटीत किती विविधता आहे यावर विसंबून असावेत. माणसांत बहुतेकांचं असं झालं नाही. पुढे २०११ मध्ये फॅगो आणि थॉम्पसन यांनी थेट दोन-दोन चित्रं घेतली. २९ बबूनांपैकी ६ जणांनी ते आत्मसात केलं आणि त्यातल्या बहुतेकांनी नव्या चित्रांवरही करून दाखवलं. तेव्हा 'माकडांना जमतच नाही' हे आता म्हणता येत नाही.

ताळा

२९ पैकी ६ या आकड्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. २३ जणांना का जमलं नाही?

आणि निळी शाईसाठी थोडं गणित, पुढे उपयोगी पडेल. दोन पर्यायांत डोळे मिटून निवडलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबाने १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. वीस माकडांत सरासरी एखादं असं निघतं. दहापैकी दहा मात्र १०२४ मध्ये एकदाच. त्यामुळे 'आमच्या माकडाने आठ बरोबर दिली' हे ऐकल्यावर आधी विचारायचं, किती माकडांपैकी आणि कितव्यांदा.

दुसरं, चाचणीच्या जोडीवर बक्षीस काय दिलं? ख-घ मध्ये फक्त ख ला रस दिला, तर दुसऱ्या वेळेपासून ती चाचणी राहतच नाही, तो आणखी एक सराव होतो. एकतर दोन्ही उत्तरांना रस द्यायचा किंवा फक्त पहिल्या गाठीचा हिशेब धरायचा. निबंध वाचताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

सांजवारा

एक प्रश्न बाजूला राहतोय. या माकडांना तहानलेलं ठेवतात, एकेकटं पिंजऱ्यात ठेवतात, असं वाचलंय. रसाच्या थेंबासाठी काम करणाऱ्या तहानलेल्या प्राण्याच्या 'तर्का'बद्दल बोलताना मला अस्वस्थ वाटतं.

रानवाट

मलाही वाटतं, आणि तो प्रश्न बाजूचा मुळीच नाही. मेंदूच्या पेशींची नोंद घेणाऱ्या अनेक प्रयोगांत पाण्यावर नियंत्रण ठेवतात, हे खरं आहे. ते टाळता येण्यासारखं आहे, याचा पुरावा फॅगो यांच्या फ्रान्समधल्या केंद्रावर मिळतो. तिथे बबून कळपाने मोकळ्या आवारात राहतात. आवाराला लागून छोट्या खोल्या आणि त्यात स्पर्शपडदे. बबूनाच्या हाताच्या कातडीखाली बारीक चिप असते. तो आत शिरून हात पुढे करतो, यंत्र त्याला ओळखतं आणि मागच्या वेळी जिथे सोडलं तिथून त्याचा धडा पुढे सुरू होतो. कंटाळा आला की उठून जायचं. बोलावणारं कुणी नाही, अडवणारं कुणी नाही.

माझं ठाम मत आहे की यातून विज्ञानही सुधारतं. प्राणी भेदरलेला नसतो, सराव कितीतरी जास्त होतो, आणि माणूस समोर नसल्यामुळे नकळत इशारा जाण्याची भीतीही बरीच कमी होते. हान्स नावाचा घोडा प्रश्नकर्त्याच्या बारीक हालचालींवरून 'गणितं' सोडवायचा, हे फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उघड केलं. तेव्हापासून ही भीती या क्षेत्राचा पिच्छा सोडत नाही.

ताळा

व्यवस्था मलाही आवडते. पण मग कोण किती खेळतं हे प्राणीच ठरवतो. त्या ६ जणांना जास्त समजलं की त्यांनी जास्त सराव केला, हे प्रत्येकाच्या प्रयत्नसंख्येशी लावून बघायला हवं.

रानवाट

मान्य, ते तपासायलाच हवं.

जाता जाता, कबुतरांच्या वेळी आलेल्या 'किंमत' स्पष्टीकरणाला सगळ्यात अवघड जाणारा प्रयोग सांगते. ट्राइश्लर आणि व्हॅन टिलबर्ग, १९९६, मकाक माकडं. पाच चित्रांच्या दोन रांगा वेगवेगळ्या शिकवल्या. आपल्या सोयीसाठी पहिली क ख ग घ च, दुसरी प फ ब भ म. मग दोन्हींना सांधणारी एकच जोडी शिकवली: च-प मध्ये च बरोबर. त्यानंतर माकडांनी दहा चित्रांची एकच रांग असल्यासारखी निवड केली.

आता घ आणि फ घ्या. आपापल्या रांगेत घ चौथा, शेवटाजवळचा. फ दुसरा, वरच्या अंगाचा. किमतीने बघितलं तर फ सरस. सांधलेल्या रांगेत मात्र घ वर आणि फ खाली. नव्या जोडीत घ आणि फ यांचा उल्लेखही नव्हता.

ताळा

घ-फ ही जोडी खरंच अवघड आहे. सोबतीने किंमत वाढण्याच्या गणितात च ची किंमत वाढली तर घ ला थोडी मिळेल, प ची घटली तर फ ची थोडी घटेल. पण एवढ्याने फ घ च्या खाली जाईल का, हे आकडे घालून बघावं लागेल.

मी हा प्रयोग आखला तर दोन गट करीन. पहिल्या गटाला च-प मध्ये च बरोबर. दुसऱ्याला म-क मध्ये म बरोबर, म्हणजे दुसरी रांगच वर. मग दोन्ही गटांना घ-फ आणि ख-भ दाखवायचे, दोन्ही उत्तरांना रस, आणि हिशेब पहिल्या दिवसाचाच.

निळी शाई

म्हणजे पहिल्या गटाने घ आणि ख निवडायला हवेत, दुसऱ्याने फ आणि भ?

ताळा

बरोबर. ख-भ वर जास्त लक्ष ठेव. किमतीने तिथे दोन्ही गटांत ख च यायला हवा, कारण ख दुसरा आणि भ चौथा. दुसऱ्या गटाने पहिल्याच दिवशी भ निवडला तर रानवाट म्हणतात ती रेषा मी मान्य करीन.